परीक्षेआधीचा निरोप

आपल्याकडे दहावीच्या मुलांना निरोप देतात तो परीक्षेच्या आधी. फेब्रुवारीतला एखादा शनिवार ठरतो. नववीची मुलं रंगीत खडूंनी फळा सजवतात, सरस्वतीच्या तसबिरीला झेंडूचा हार पडतो, आणि ज्यांची उजळणीसुद्धा अजून पुरी झालेली नाही अशा मुलांना शाळा सांगते, की बाळांनो, आता या. त्या दिवशी कोणी पास झालेलं नसतं आणि कोणी नापासही झालेलं नसतं. पहिला कोण, गणितात कोण अडकलं, कोणाला कुठल्या कॉलेजात जागा मिळाली, हे सगळं पुढे मे-जूनमध्ये ठरायचं असतं. खंडाळ्यात भूगोल शिकवता शिकवता माझी निम्म्याहून जास्त नोकरी झाली. या समारंभाचं मोल त्याच्या या वेळेत आहे, असं मला आता ठामपणे वाटतं.

माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं न्यू जर्सीत हायस्कूल पूर्ण झालं तेव्हा तिचा समारंभ आम्ही घरी मोबाइलवर पाहिला. मोठं मैदान, एका रंगाचे झगे, डोक्यावर चौकोनी टोप्या, टोपीचा गोंडा उजवीकडून डावीकडे घ्यायची ती पद्धत. एकेकाचं नाव मंचावरून पुकारलं जात होतं आणि गर्दीतून त्या त्या घरच्यांचा आवाज उठत होता. आमच्या मुलीचं नाव आलं तेव्हा मावशीने तिथून मारलेली हाक मराठीत होती. मला भरून आलं. तरी पाहताना हेही कळत होतं, की तिथे बसलेली सगळी मुलं पार झालेली आहेत. जी अडली ती त्या खुर्च्यांवर नव्हतीच.

उत्तीर्ण होणाऱ्यांनाच लक्षात ठेवायची सवय आपल्यालाही जुनीच आहे. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक 1859 साली झाली. ती आपल्याला माहीत आहे कारण पास झालेल्यांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. त्या परीक्षेला बसलेल्यांपैकी बहुतेक जण नापास झाले होते. तीही कोणाची तरी शिकायला निघालेली मुलं होती. शाळेत मी ज्यांच्याबरोबर रोज असते त्यांच्यात असे बरेच असतात, म्हणून मला ते आठवतात.

खंडाळा म्हटलं की बाहेरच्या माणसाला पाऊस दिसतो, धबधबे, राजमाची पॉइंट, चिक्कीची दुकानं, धुक्यातले बंगले. माझ्या वर्गातली मुलं या सगळ्याच्या मागच्या दाराशी राहतात. कोणाचे वडील बंगल्यावर वॉचमन आणि माळी, घर तिथल्याच आउटहाऊसमध्ये. कोणाची आई हॉटेलात हाउसकीपिंगला. कोणी चिक्कीच्या कारखान्यातल्या कामगाराचं, कोणी रेल्वेच्या गँगमनचं. काही कुणे आणि कुरवंड्याची, काही राजमाचीच्या पायथ्याच्या वाड्यांवरून येऊन मामाकडे किंवा आत्याकडे राहिलेली. पावसाळ्यात शनिवार-रविवारी ही मुलं भुशी धरणाच्या वाटेवर कणसं भाजतात, आणि सोमवारी पहिल्या तासाला त्यांच्या बोटांना कोळशाचा वास असतो. ज्या दोन दिवसांत पुण्या-मुंबईची मुलं सुट्टीला येतात, त्याच दोन दिवसांत आमच्या मुलांना सुट्टी नसते. त्यांचं दहावीपर्यंत टिकणं हेच माझ्या दृष्टीने मोठं काम आहे, आणि ते परीक्षेच्या आधीच करून झालेलं असतं.

खंडाळ्याच्या इतिहासातली एक गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगते. 1856 मध्ये मुंबईकडून आलेले रूळ खोपोलीपर्यंत पोचले होते. 1858 मध्ये पुण्याकडून खंडाळ्यापर्यंत गाडी सुरू झाली. मध्ये बोरघाट. त्यातले बोगदे आणि पूल पुरे होऊन घाटातून गाडी धावू लागली ती 1863 साली. तोवर पुण्याहून आलेला माणूस खंडाळ्याला उतरायचा, पालखीत, तट्टावर किंवा पायी घाट उतरायचा आणि खाली दुसरी गाडी धरायचा. फेब्रुवारीतली दहावीची मुलं मला त्या उतारूंसारखी वाटतात. मागची गाडी सुटली, पुढची अजून दिसत नाही, आणि मधली वाट ज्याची त्याने उतरायची. निरोपाची गरज असते ती इथे. पुढच्या गाडीत जागा मिळाल्यावर अभिनंदन पुरतं.

यंदाच्या समारंभाला आम्ही प्रथमच आईवडिलांना बोलावलं. एरवी तो मुलांचा आणि शिक्षकांचाच असतो. दुपारची वेळ ठेवली तर हॉटेलातल्या बायांना सुटी मिळत नाही, संध्याकाळी वॉचमनची ड्यूटी लागते, म्हणून सकाळी दहाची वेळ धरली. मुली आयांच्या साड्या नेसून आल्या होत्या, पिनांनी जागोजाग टोचलेल्या. मुलगे इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, ज्या शर्टांवर दुपारपर्यंत मित्रांच्या सह्या होणार होत्या. ईशस्तवन झालं, स्वागतगीत झालं, नववीने प्रत्येकाला एक गुलाब आणि एक निळं पेन दिलं. दहावीने वर्गणी काढून शाळेला भिंतीवरचं घड्याळ दिलं. मुख्याध्यापकांनी हॉल तिकीट, पारदर्शक पाऊच आणि साडेदहाच्या आत वर्गात बसण्याबद्दलच्या सूचना दिल्या. इथवर सगळं दरवर्षीसारखं.

मग मनोगतं सुरू झाली. ती पाठ करून आलेली असतात, पहिल्या दोन वाक्यांनंतर रडू फुटतं आणि पाठ केलेलं विसरतं. तिथून पुढे मुलं खरं बोलतात. एका मुलीने माझ्या एका तासाची आठवण काढली. आठवीत असताना मी त्यांना नागफणीच्या बाजूला घाटमाथ्यावर नेलं होतं आणि तिथे उभं राहून जलविभाजक दाखवला होता. पाठीमागे पडलेलं पाणी इंद्रायणीतून भीमेला, भीमेतून कृष्णेला, आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जातं. समोर दरीत पडलेलं कोकणातून अरबी समुद्राला. आमच्याकडे पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, त्यामुळे या वाटा पुस्तकात शोधाव्या लागत नाहीत. ती मुलगी म्हणाली, “त्या दिवशी घरी गेल्यावर मी आमच्या पत्र्यावरून पडणाऱ्या पाण्यामागे चालत गेले होते, बाई. गटारीपर्यंत, तिथून ओढ्यापर्यंत. मला बघायचं होतं आमचं पाणी कुठल्या समुद्राचं आहे ते.” तीन वर्षांत तिने हे मला कधी सांगितलं नव्हतं. भूगोलात तिला बेताचेच गुण असतात. तिच्या उत्तरपत्रिकांवरून मला हे कधीच समजलं नसतं.

पालकांपैकी कोणी बोलेल का, असं मुख्याध्यापकांनी विचारलं. बराच वेळ कोणी उठेना. शेवटी एक गँगमन उभे राहिले, रात्रपाळी करून थेट आलेले. माइक त्यांनी हातात घेतला नाही. “आमच्या घरात दहावीच्या वर्गात बसलेली ही पहिली. मी सातवीला सोडली. म्हणजे तीन वर्षं ती जे शिकली, त्यातलं मी तिला काही विचारू शकलो नाही. तुम्ही विचारलंत,” एवढं बोलून ते बसले. आम्ही शिक्षकांनी आजवर बऱ्याच पाहुण्यांची भाषणं ऐकली आहेत. त्यांतल्या कोणाच्या बोलण्याने स्टाफरूममध्ये नंतर इतका वेळ कोणी गप्प बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

न्यू जर्सीच्या त्या समारंभातली एक गोष्ट मला मनापासून हवीशी वाटली होती. प्रत्येकाचं नाव. आपल्याकडे मंचावरून नावं घेतली जातात ती आदर्श विद्यार्थ्याची, खेळाडूची, स्कॉलरशिपवाल्यांची. उरलेली मुलं टाळ्या वाजवतात. म्हणून यंदा मी एक हजेरी मागून घेतली होती. दहावीचा कॅटलॉग मी बाजूला ठेवला आणि कपाटातून पाचवीचा काढून आणला, हा वर्ग शाळेत पहिल्यांदा बसला त्या वर्षाचा.

पहिली काही नावं हसत-खेळत गेली. “हजर, बाई.” दहा वर्षांचे आवाज माझ्या कानात होते आणि समोरून फुटलेले, जाड झालेले आवाज येत होते. मग लाल रेघ मारलेलं पहिलं नाव आलं. मी ते तसंच मोठ्याने वाचलं. उत्तर वर्गाने दिलं. “तो वीटभट्टीवर असतो, बाई.” कातकरी वाडीतला मुलगा. दिवाळीनंतर त्याच्या घरची माणसं भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. सातवीच्या वर्षी तो परतला, पण वर्गात आला नाही. पुढचं एक नाव, “कळंबोलीला गॅरेजमध्ये आहे.” आणखी एक, “त्यांनी बंगला सोडला, बाई. आता कुठे आहेत माहीत नाही.” मालकाने बंगला विकला की माळ्याचं घर एका दिवसात हलतं आणि मुलाची शाळाही. मग एका मुलीचं नाव. वर्गात शांतता. कडेची एक मुलगी म्हणाली, “ती गावाला गेली.” म्हणजे काय ते तिथल्या सगळ्या बायांना कळलं. मी पुढचं नाव घेण्याआधी थोडा वेळ थांबले, कारण थांबायलाच हवं होतं. पंधराव्या वर्षी गावाला गेलेल्या मुली परत शाळेत येत नाहीत. याविरुद्ध कायदा आहे, हे आम्ही नागरिकशास्त्रात शिकवतो. ज्या दिवशी आम्ही एका वर्गाला शुभेच्छा देतो, त्या दिवशी तिचं नाव निदान मोठ्याने घेतलं गेलं पाहिजे, असं मला वाटलं.

शेवटाकडचं एक नाव घेतलं आणि दारातून आवाज आला, “हजर.” आठवीत शाळा सोडलेला मुलगा. हॉटेलात वेटर म्हणून लागला आहे. वर्गमित्रांनी त्याला निरोप धाडला होता. दुपारच्या शिफ्टला जायचं होतं म्हणून तो हॉटेलच्या गणवेशातच आला होता, छातीवर नावाची पट्टी लावून. गुलाब मोजून आणलेले होते. शिपाईमामांनी कुंडीतलं एक फूल तोडून दिलं आणि नववीच्या मुलीने ते इतरांना दिलं तसंच, वाकून, त्याच्या हातात ठेवलं. फोटोच्या वेळी तो मागच्या रांगेत उभा राहिला. मी त्याला 17 नंबरच्या फॉर्मची माहिती दिली. बाहेरून बसता येतं, वय भरलेलं आहे, फॉर्म कधी निघतात ते आपण कळवू. “बघू, बाई,” म्हणाला. हॉटेलात शनिवारी गर्दी असते, तो लवकर निघाला.

या समारंभाचं महत्त्व मला सर्वांत स्पष्ट समजलं ते करोनाच्या दोन वर्षांत. 2020 साली दहावीचा शेवटचा पेपर माझ्या विषयाचा, भूगोलाचा होता. तारीख 23 मार्च. आधी तो पुढे ढकलला गेला, मग रद्द झाला, आणि मुलांना इतर पेपरांच्या सरासरीवरून गुण मिळाले. वर्षभर शिकवलेल्या विषयात त्या मुलांनी काय लिहिलं असतं, ते कागदावर उतरलंच नाही. पण फेब्रुवारीत आम्ही त्यांना निरोप दिलेला होता. एकमेकांना जे सांगायचं ते सांगून झालं होतं. म्हणून ती बॅच माझ्या मनात पुरी झालेली आहे.

2021 ची बॅच तशी नाही. त्या वर्षी परीक्षाच झाली नाही. अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, 99.95 टक्के. आकड्याने पाहिलं तर असा निकाल महाराष्ट्राने कधी पाहिला नव्हता. शाळेत मात्र ती मुलं एकेकटी आली, मास्क लावून, दाराबाहेर चुन्याने आखलेल्या वर्तुळात उभी राहिली, कागद घेऊन गेली. त्यांतली कोणी बाजारात भेटली, आता मिशा आलेली, कडेवर भाचरं घेतलेली, की अजून म्हणतात, “बाई, आमचा सेंड ऑफ राहिला.” परीक्षा राहिली असं आजवर एकानेही म्हटलेलं नाही.

निरोपाविना पांगलेली ही मावळातली पहिली मुलं नव्हेत. आमच्याच तालुक्यात तळेगावला प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकरांचं समर्थ विद्यालय होतं, स्वदेशीच्या चळवळीत उभी राहिलेली राष्ट्रीय शाळा. 1910 मध्ये इंग्रज सरकारने ते बंद पाडलं. पुढे नवीन समर्थ विद्यालय या नावाने तळेगावात शाळा पुन्हा उभी राहिली, आणि आज ती सगळ्यांना ठाऊक आहे. पण 1910 साली ज्या वर्गांना टाळं लागलं त्यांतल्या मुलांनी आपापल्या ट्रंका उचलल्या असतील, त्या दिवसाचा विचार माझ्या मनातून जात नाही. सरकारला शाळेची भीती वाटते, हे त्यांना लहान वयात कळलं. त्यांच्या गुरुजींनी त्यांना जाताना काय सांगितलं असेल?

फेब्रुवारीनंतर ही मुलं पुन्हा कधीच एकत्र येत नाहीत. निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता आकडे मोबाइलवर येतात. ज्यांना बरे गुण पडले ते पेढे घेऊन शाळेत येतात. काठावर सुटलेले दुसऱ्या दिवशी येतात. नापास झालेले येत नाहीत, त्यांच्या घरी जावं लागतं. नंतर दाखल्यांचं काम निघतं. त्याचे रकाने ठरलेले. नाव, आईचं नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. प्रगती. वर्तणूक, जिथे आम्ही सगळ्यांना ‘चांगली’ लिहितो. मग शाळा सोडण्याचं कारण. जनरल रजिस्टरवरून हे उतरवताना माझ्यासमोर त्या मुलाचं पाच-सहा वर्षांचं शाळेत असणं असतं, आणि लिहायला दीड इंच जागा. कणसं भाजून सोमवारी न चुकता पहिल्या तासाला येणं कुठल्या रकान्यात बसत नाही. पाण्यामागे ओढ्यापर्यंत चालत जाणं बसत नाही. हे कोणीतरी कधीतरी चारचौघांत म्हटलं पाहिजे, आणि त्याला फेब्रुवारीचा तो एकच दिवस आहे.

मुलं परत येतात की नाही, यावरही त्या दिवसाचा परिणाम होतो असं माझं निरीक्षण आहे. पूर्वी नापास झालेल्याला ऑक्टोबरची वाट पाहावी लागे. 2015 पासून फेरपरीक्षा जुलैत होऊ लागली, त्यामुळे वर्ष वाचतं. पण फॉर्म भरायला मुलाने शाळेची पायरी चढली तरच. मध्येच गळालेल्या, कोणाला न सांगता नाहीशा झालेल्या मुलांना ती पायरी फार उंच वाटते. ज्याला सगळ्यांबरोबर गुलाब मिळाला, ज्याने सगळ्यांबरोबर वाकून नमस्कार केला, तो लाजतो, मान खाली घालतो, पण येतो. गेल्या जुलैत आमचे जे बसले, ते सगळे समारंभाच्या फोटोत आहेत.

यंदाच्या तयारीच्या सभेत एका सहकाऱ्यांनी सुचवलं होतं, की मुलांसाठी काळे झगे आणि टोप्या भाड्याने आणू. पुण्यात मिळतात, बालवाडीलासुद्धा घालतात, फोटो सुंदर येतात. त्यांची इच्छा मनापासूनची होती. आमच्या मुलांनाही तसं मिरवायला मिळावं, एवढंच त्यांचं म्हणणं. मी सांगितलं, की झगा हा पदवी हातात पडलेल्या माणसाचा पोशाख आहे. आमच्या मुलांना अजून काही मिळालेलं नाही, आणि त्या दिवशीच्या कौतुकाला काही मिळालेलं असण्याची अटही नाही. आईची साडी आणि पांढरा शर्ट पुरे आहे. बरीच चर्चा झाली. मग परीक्षेच्या दिवसांचा विषय निघाला. केंद्र लोणावळ्याला. कुरवंड्याहून, वाडीवरून, घाटाखालच्या वस्तीवरून वेळेत पोचणं काही मुलांना दरवर्षी अवघड जातं.

झग्यांचं भाडं आणि मंडपासाठी ठेवलेली रक्कम एकत्र करून आम्ही परीक्षेपुरती एक जीप ठरवली. जीपवाला आमच्याच शाळेचा, ऑक्टोबरला दहावी सुटलेला. त्याने वाजवी भाडं सांगितलं आणि कुठल्या मुलाला कुठल्या वळणावर घ्यायचं त्याची यादी माझ्याकडून लिहून घेतली. पहिला पेपर मराठीचा होता. सव्वानऊला निघायचं ठरलं होतं, तो पावणेनऊलाच फाटकाशी उभा होता.